करांदा

करांदा : (कारंदा, हिं. गेठी, सं. वाराहीकंद, लॅ. डायोस्कोरिया बल्बिफेरा, कुल – डायोस्कोरिएसी). पावसाळ्यात जोमाने वाढणारी व पानांच्या बगलेत खाद्य कंद धरणारी ही वेल उष्ण कटिबंधातील आशिया व आफ्रिका या खंडांतील मूळची आहे. भारतात ती कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, मध्य भारत व हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेश येथे रानटी अवस्थेत आढळते व काही ठिकाणी परसात लावली जाते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड व शहापूर तालुक्यांतील रानांत, तसेच २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील वाड्यांत ती परिचित आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बाजारांत हिवाळ्याच्या सुरुवातीस कच्चे व उकडलेले करांदे विक्रीस येतात. प्रजातीचे शास्त्रीय नाव इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याच्यावरून आले असून जातिवाचक नावाचा अर्थ ‘कंदधारी’ असा आहे.

करांद्याची लागवड सोपी आहे. त्याला खत, पाणी व जागा बेताचीच लागते. मात्र त्याची खाद्यता केवळ निसर्गदत्त नाही. रानटी करांदे बहुधा कडू असतात व त्यांतील काही द्रव्ये यकृताला अपायकारक आहेत. गोड वाणांची पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड आणि कडू कंदांवर करावयाचे संस्कार यांमुळेच करांदा अन्न ठरला आहे. म्हणून घरी करांदा लावणाऱ्याने वेलीबरोबरच हे ज्ञानही आत्मसात करणे आवश्यक असते.

वनस्पतिवर्णन : जमिनीतील कंद बहुवर्षायू असून त्यापासून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस नवे खोड फुटते व हिवाळ्यात ते वाळून जाते. खोड गोल, गुळगुळीत व काटे नसलेले असते. आधारास विळखे घालीत ते अनेक मीटर उंच चढते. पाने साधी, एकाआड एक, रुंद व हृदयाकृती असून त्यांवरील ठळक शिरा देठाच्या टोकापासून पंख्याप्रमाणे पसरतात. पहिल्या दृष्टीस ती गुळवेलीच्या पानांसारखी वाटतात. नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या वेलींवर लोंबत्या कणिशांवर येतात; फळ तीन पंखांचे व बी पातळ, पंखयुक्त असते. तथापि घरगुती अभिवृद्धी बियांपासून न करता कंदांपासूनच करतात.

पानांच्या बगलेत येणाऱ्या छोट्या कंदांना कंदिका म्हणतात. बोलीत ‘करांदे’ म्हणतात ते मुख्यत्वे हेच. आशियातील प्रकारांत त्या बहुधा गोलसर, तर आफ्रिकेतील प्रकारांत कोनयुक्त असतात. त्यांचा आकार सुपारीपासून मुठीएवढा, क्वचित त्याहून मोठा असतो. साल तपकिरी किंवा करडी असून तीवर बारीक उंचवटे असतात. गर फिकट पिवळा ते पिवळा असून काही प्रकारांत त्यावर हिरवट किंवा जांभळट छटा दिसते. जमिनीतील कंदही काही प्रकारांत खातात, परंतु तो अनेकदा कंदिकांपेक्षा अधिक कडू असतो.

इतर जातींपासून ओळख : कोकणात याच प्रजातीतील आणखी काही जाती खाल्ल्या जातात आणि बाजारात त्यांच्या नावांची सरमिसळ होते. जमिनीतून काढलेल्या इतर कंदांनाही अनेकदा करांदे म्हटले जाते. म्हणून नावापेक्षा लक्षणांवर विसंबणे इष्ट ठरते. कोनफळ (डा. अलाटा) या जातीचे खोड चौधारी व पंखयुक्त असते, पाने बहुतेक समोरासमोर असतात आणि करांद्याचा वेल ज्या दिशेने विळखे घालतो त्याच्या उलट दिशेने हा वेल चढतो. त्याचा मोठा कंद जमिनीत वाढतो व गर पांढरा किंवा जांभळा असतो. कणगर (डा. एस्क्युलेंटा) या जातीत खोडाच्या तळाशी काटे असून जमिनीत लहान कंदांचा घोस येतो. या दोन्ही जातींची लागवडीतील कंदे बहुधा कडू नसतात.

रानात आढळणाऱ्या दुसऱ्या दोन जातींची पाने संयुक्त असतात. डा. पेंटाफायला या जातीच्या पानास सामान्यतः पाच दले असतात. तिच्या नरफुलांच्या कणिशांची पावसाळ्यात भाजी करतात. डा. हिस्पिडा या जातीच्या पानास तीन दले व खोडास काटे असतात. मध्य भारतात बैचांदी या नावाने ओळखला जाणारा हिचा कंद डायोस्कोरीन या अल्कलॉइडामुळे विषारी आहे. पातळ चकत्या अनेक दिवस वाहत्या पाण्यात ठेवून व वारंवार धुऊन आदिवासी तो खाद्य करतात. परंतु हा संस्कार अपुरा राहिल्यास विषबाधा होते. घरगुती लागवडीत तीन दलांच्या वेलीस स्थान देऊ नये. साधे, हृदयाकृती पान, काटे नसलेले गोल खोड आणि वेलीवर लोंबणाऱ्या कंदिका ही तीन लक्षणे एकत्र असल्याखेरीज वेलीस करांदा समजू नये.

कडवटपणा व विषाक्तता : करांद्याचा कडवटपणा मुख्यतः डायोसबल्बिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डायटर्पिनॉइड वर्गातील संयुगांमुळे येतो. चीनमध्ये या जातीचा कंद पारंपरिक औषध म्हणून वापरला जातो. मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतल्यामुळे यकृतास इजा झाल्याची अनेक प्रकरणे तेथे नोंदली गेली आहेत. आयुर्वेदात वाराहीकंद बल्य मानला आहे. तथापि औषध म्हणून त्याचा उपयोग जाणकार वैद्याच्या देखरेखीविना करणे धोक्याचे आहे. सालीलगत असलेल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे कच्चा कंद सोलताना हातांस व खाल्ल्यास घशास खाज सुटते. सुरणाची खाजही याच कारणाने येते [⟶ सुरण].

कडवटपणा सालीच्या रंगावरून किंवा कंदिकेच्या आकारावरून खात्रीने ओळखता येत नाही. एकाच रानातील दोन वेलींतही फरक असतो. त्यामुळे अनुभवी कुटुंबांत वेल ओळखून ठेवण्याची रीत आहे : ज्या वेलीचे करांदे गोड लागतात तिच्याच कंदिका पुढील वर्षी लावतात. कंदिका ही मूळ वेलीचाच भाग असल्याने तिच्यापासून होणाऱ्या वेलीत मातृवेलीचे गुण कायम राहतात. गोड वाण टिकून राहण्याचे हेच कारण होय.

लागवड : ठाणे–कल्याण परिसराचे उष्ण, दमट हवामान व जून ते सप्टेंबरमधील भरपूर पाऊस या वेलीस मानवतो. पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत जमीन तिला लागते. खाडीलगतच्या खारवट व पाणथळ जमिनीत कंद कुजतो. लावणीसाठी विश्वासू घरातील गोड वाणाच्या, न दुखावलेल्या, मध्यम आकाराच्या कंदिका निवडतात. बाजारातील उकडलेल्या करांद्यांपासून अर्थातच लागवड होत नाही. कच्चे करांदे घेतले असल्यास त्यांतील एक-दोन आधी शिजवून चव पाहावी व उरलेले बियाण्यासाठी ठेवावेत. मात्र एका राशीत अनेक वेलींचे करांदे मिसळलेले असू शकतात. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक वेलीस खूण करून तिचे उत्पन्न स्वतंत्र शिजवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

काढणीनंतर कंदिका काही महिने सुप्तावस्थेत असतात. एप्रिल–मे महिन्यांत त्यांना कोंब दिसू लागतात. मेच्या अखेरीपासून मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसापर्यंत लावणी करतात. परसात सुमारे ३० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात कुजलेले शेणखत व माती भरतात आणि कोंब वर येईल अशा रीतीने कंदिका ५ ते ८ सेंमी. खोल लावतात. दोन वेलींत सुमारे १ मी. अंतर पुरेसे असते. कुंपण, मांडव, विहिरीचा कठडा किंवा शेवग्यासारखे विरळ सावलीचे झाड यांचा आधार चालतो. आंब्याच्या दाट सावलीत वेल वाढते, पण कंदिका कमी धरते.

इमारतीच्या गच्चीत किंवा सज्जात सुमारे ४० ते ४५ सेंमी. व्यासाची व तेवढीच खोल कुंडी, जुना पिंप किंवा जाड पोते वापरता येते. बागेची माती दोन भाग व कंपोस्ट खत एक भाग हे मिश्रण पुरते. मुसळधार पावसात पाणी साचू नये म्हणून तळाशी मोठी भोके व विटांचे तुकडे असावेत. कुंडी गच्चीच्या पृष्ठभागापासून विटांवर उचलून ठेवल्यास निचरा चांगला होतो. रोज पाच-सहा तास ऊन मिळणारी बाजू निवडावी. वेलीचा भार पावसाळी वाऱ्यात बराच वाढतो. म्हणून सुतळीपेक्षा तार किंवा बांबूची चौकट अधिक भरवशाची ठरते. खिडकीबाहेर लोंबणाऱ्या वेलीच्या जड कंदिका खाली पडून इजा होऊ शकते, हे ध्यानात घेऊन वेल आतील बाजूस वळवितात.

पावसाळ्यात वेगळे पाणी द्यावे लागत नाही. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी मूठभर शेणखत किंवा गांडूळखत देऊन बुंध्याशी मातीची भर घालतात. अति नत्रामुळे पाने माजतात व कंद उशिरा धरतात. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पाऊस खंडित झाल्यास पाणी द्यावे लागते, कारण कंदिका पोसण्याचा काळ तोच असतो. रोग-किडींचा उपद्रव थोडा असतो. पाने खाणारे भुंगेरे हाताने वेचून व साठवणीतील कंदांवरील पिठ्या ढेकूण ब्रशाने घासून काढता येतात.

काढणी व साठवण : दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली आणि कंदिका हलक्या स्पर्शाने देठापासून सुटू लागल्या म्हणजे त्या तयार झाल्या असे समजतात. अपक्व कंदिका पाणचट व अधिक कडू लागतात. जोमदार वेलीपासून काही किग्रॅ. उत्पन्न मिळते. करांदे धुऊ न देता सावलीत सुकवून टोपलीत किंवा कोरड्या वाळूत ठेवल्यास दोन-तीन महिने टिकतात. प्रशीतकात ठेवण्याची आवश्यकता नसते. काढणीच्या वेळीच पुढील वर्षाचे बियाणे वेगळे काढून त्यावर खूण करण्याची पद्धत आहे, कारण एकदा स्वयंपाकघरात मिसळलेल्या करांद्यांतून मातृवेल पुन्हा ओळखता येत नाही.

जमिनीवर पडलेल्या कंदिका वेचून घेणे महत्त्वाचे असते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ही वेल बाहेरून आणली गेली व पडलेल्या कंदिकांपासून पसरून तिने तेथील झाडे झाकून टाकली. तिच्या नियंत्रणासाठी २०११ पासून आशियातून आणलेले लिलिओसेरिस चेनी या जातीचे भुंगेरे सोडण्यात आले. कोकणात ती स्थानिक असल्याने असा उपद्रव होत नाही. तरीही शेजारच्या कुंडीत नकळत उगवलेली वेल कोणत्या वाणाची आहे हे कळत नाही.

पाककृती : करांदा कधीही कच्चा खात नाहीत. गोड वाणाच्या कंदिका स्वच्छ धुऊन, सालीसह, मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात अर्धा तास किंवा सुरी सहज आत जाईपर्यंत उकडतात. ते पाणी फेकून देतात. साल सोलून गरम असतानाच करांदे खाल्ले जातात; चव बटाट्याहून भरीव, किंचित चिकट व शेवटी अगदी पुसटशी कडसर लागते. ही पुसट कडसर चव आणि जिभेवर रेंगाळणारा कडूपणा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा कडूपणा लागल्यास तो करांदा खाऊ नये.

कडू करांद्यांसाठी आदिवासी कुटुंबांत वेगळी रीत आहे. करांदे सोलून पातळ चकत्या करतात व त्या लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकडतात. नंतर टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात किंवा अनेक वेळा पाणी बदलतात. राखेमुळे पाणी अल्कधर्मी होते, चकत्या लवकर मऊ होतात व कडू द्रव्ये पाण्यात उतरण्यास मदत होते. चकत्यांची जाडी, राखेचे प्रमाण व धुण्याचा काळ हे अनुभवानेच कळते. शहरातील घरात वाहता ओढा नसतो. प्रेशर कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजविल्याने कंद मऊ होतो, परंतु कडू द्रव्ये भांड्यातच राहतात. यास्तव शहरी स्वयंपाकात कडू करांद्यांच्या वाटेस न जाता गोड वाणच वापरणे उचित होय.

भाजीसाठी उकडलेल्या करांद्यांच्या फोडी करतात. तेलात मोहरी, हिंग, हळद व हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात फोडी परततात. मीठ व चिमूटभर गूळ घालून एक वाफ आणतात आणि वरून ओले खोबरे व कोथिंबीर घालतात. आमसूल घातल्यास उरलासुरला कडसरपणा झाकला जातो. उपासास कंद चालतात अशा घरांत तुपात जिरे व मिरची परतून दाण्याच्या कुटाबरोबर हीच भाजी करतात. काप करण्यासाठी अर्धवट उकडलेल्या करांद्यांच्या चकत्यांना तिखट, मीठ व हळद लावून त्या तांदळाच्या पिठात घोळवितात आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजतात. वसई–पालघर पट्ट्यातील उकडहंडी या हिवाळी पदार्थात करांदे, कोनफळ, रताळी, बटाटे व पापडीच्या शेंगा ओल्या खोबऱ्याच्या व हिरव्या मसाल्याच्या वाटणासह मंद आचेवर एकत्र शिजवितात. त्यातही करांदे आधी वेगळे उकडून पाणी टाकून देणे हिताचे असते, अन्यथा एका कडू करांद्याने संपूर्ण हंडी बिघडते.

करांद्याच्या वजनाचा बहुतांश भाग पाणी असून उरलेल्या भागात मुख्यत्वे स्टार्च असतो. प्रथिने अल्प व स्निग्ध पदार्थ नगण्य असतात. प्रथम खाणाऱ्याने एक-दोन लहान करांदेच खाऊन पाहावेत. यकृताचा विकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी करांदे टाळणे श्रेयस्कर होय.

आहारातील स्थान व जतन : आजच्या स्वयंपाकातील बटाटा हा अमेरिकेतून आलेला असून त्याचे मराठी नाव पोर्तुगीज भाषेतून आले आहे. त्याआधी ‘आलुक’ या संस्कृत शब्दाने खाद्य कंदांचा निर्देश होई. उत्तर भारतात तोच शब्द पुढे ‘आलू’ या रूपाने बटाट्यास मिळाला. बटाटा वर्षभर मिळू लागला, त्यास कोणताही संस्कार करावा लागत नसे; त्यामुळे करांदा गरिबांचे व टंचाईच्या दिवसांतील अन्न मानला जाऊ लागला. असाच अनुभव अन्यत्रही आला आहे. सूर्यफुलाच्या प्रजातीतील हेलिअँथस ट्युबरोसस ही उत्तर अमेरिकेतील कंदवर्गीय वनस्पती हिंदीत हाथीचोक या नावाने ओळखली जाते. ती सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये गेली व परसातील सोपे पीक म्हणून रुजली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बटाट्यांच्या टंचाईमुळे तेथील लोकांना तिचे कंद सतत खावे लागले आणि युद्धानंतर अनेक वर्षे त्या आठवणीमुळे ते ताटातून बाद झाले. पुढे तेच कंद पुन्हा आवडीने खाल्ले जाऊ लागले. तेथे केवळ रुची बदलली होती. कंद पूर्वीप्रमाणेच निर्धोक होते. करांद्याच्या बाबतीत मात्र मधल्या काळात ज्ञान हरवल्यास परतीचा मार्ग तितका सोपा राहत नाही.

कसारा व कर्जत या दोन्ही लोहमार्गांचा संगम कल्याणला होतो. या मार्गांलगतच्या गावांतून व पाड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या स्त्रियांमुळे करांदे शहरी बाजारापर्यंत पोहोचतात. कोणत्या रानातील, कोणत्या झाडावरील वेल गोड आहे हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात गावठाणांभोवतीच्या वाड्या, कुंपणे व विहिरी यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर इमारती उभ्या राहिल्या. कुंपणाबरोबर त्यावरील वेलही जाते. वेल तोडली गेली तरी रानात दुसरी सापडते, पण निवडलेला गोड वाण गेला तर तो रानातून जसाच्या तसा परत आणता येत नाही.

कंदपिकांवरील संशोधन तिरुवनंतपुरमजवळील श्रीकार्यम येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेत चालते. कोकणातील फळे, भाज्या व कंदपिकांवर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात काम होते. तथापि परसातील वाण टिकविण्याचे काम संस्थांपेक्षा कुटुंबांनीच अधिक केले आहे. गच्चीतील एका कुंडीतही गोड करांद्याचा एक वाण वर्षानुवर्षे राखता येतो. त्यासाठी वेलीची खूण, बियाण्याची वेगळी टोपली आणि करांदा कोणाकडून आणला व तो कसा शिजवावा याची माहिती, या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. दुसऱ्यास करांदा देताना ही माहितीही देण्याची जुनी रीत आहे व ती पाळणे आवश्यक होय.